गोल रबर पॅडचं एफईए: सॉफ्टवेअरचा स्टिफनेस एकदा निम्मा येतो, एकदा दुप्पट. नेमकं कुठं बघू?

कुपवाडचा_मोल्डर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. पंपसेटच्या बेडखाली बसणारी व्हायब्रेशन पॅड हा आमचा मुख्य माल. आजवर जुना नमुना बघून नवीन मोल्ड काढायचा, पॅड दाबून बघायचं, जमलं नाही तर कंपाउंड बदलायचं, असं चालत आलं. आता गिऱ्हाईक मोल्ड काढायच्या आधीच लोड-डिफ्लेक्शनचा ग्राफ मागतंय. मोल्डचा खर्च बघता त्यांचं म्हणणं मलाही पटतं, म्हणून एफईए (फायनाइट एलिमेंट अॅनालिसिस, म्हणजे भागाचे छोटे तुकडे, 'एलिमेंट', पाडून कॉम्प्युटरवर गणित करणं) शिकायला घेतलंय. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, त्यामुळे कॅल्क्युलिक्स वापरतो आणि इनपुट फाइल हातानेच लिहितो.

शिकण्यासाठी आधी चालू माल घेतला, कारण त्याची टेस्ट हातात आहे. वर-खाली ७० मिमी व्यासाच्या लोखंडी चकत्या, मध्ये नैसर्गिक रबर, व्यास ६० मिमी, जाडी १० मिमी. रबर चकत्यांना व्हल्कनाइज करूनच चिकटवलेलं. हार्डनेस ६० शोअर ए. यूटीएमवर (दाबून-ओढून बल मोजायचं मशीन) पॅड दाबलं तेव्हा पहिल्या १ मिमीपर्यंत स्टिफनेस ५,१०० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास आला.

मॉडेलमध्ये रबराच्या वागण्यासाठी मूनी-रिव्हलिन सूत्र घेतलं. त्याचे सहगुणक: सी१० = ०.४८, सी०१ = ०.१२ (एमपीए). डी१ (आकारमान किती दाबलं जाईल ते ठरवणारा आकडा) काय घालायचं ते कळेना, म्हणून शून्य ठेवलं. उत्तर आलं ३,१००. कुणीतरी सांगितलं की रबराचा पॉयसन रेशो जवळजवळ ०.५ असतो (०.५ म्हणजे आकारमान अजिबात न बदलणं), म्हणून डी१ = ०.००१ केलं. तर स्टिफनेस थेट ९,००० च्या वर. दोन्ही वेळा मेश (एलिमेंटची जाळी) तीच, आठ नोडचे (कोपऱ्यातले बिंदू) ब्रिक, सी३डी८. एनएलजिओम (मोठ्या विकृतीचा हिशेब) लावलेलं आहे. आणि साधारण २ मिमीच्या पुढं दाबलं की कडेचे एलिमेंट उलटे होतात, निगेटिव्ह जेकोबियन म्हणून सॉल्व्हर थांबतो.

आणखी एक. कंपाउंडच्या टेस्ट सर्टिफिकेटवर 'मॉड्युलस ३०० टक्के: ९ एमपीए' असं लिहिलंय. मी हार्डनेसवरून ई (यंग्ज मॉड्युलस) = ३.६ एमपीए धरलाय. मग खरा कुठला?

---

मिक्सिंगमिल_मिरज

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो आमच्या खात्यातला आहे. सर्टिफिकेटवरचं ते 'मॉड्युलस' म्हणजे यंग्ज मॉड्युलस नव्हे. डंबेल (ओढून बघायचा रबराचा नमुना) मूळ लांबीच्या चौपट झाला, म्हणजे ३०० टक्के वाढला, तेव्हा मूळ क्षेत्रफळावर किती स्ट्रेस आला एवढाच तो आकडा. रबराच्या धंद्यात पहिल्यापासून त्याला मॉड्युलसच म्हणतात आणि नव्या इंजिनिअरांची तिथं हमखास गल्लत होते. ९ आकडा ई म्हणून कुठंही घालू नका.

दुसरं, यूटीएमवर तुम्ही कितवा दाब नोंदवला? कार्बन ब्लॅक भरलेलं रबर पहिल्यांदा दाबलं की ताठ असतं. सोडून परत तेवढंच दाबलं की मऊ लागतं, आणि तीन-चार फेऱ्यांनंतर वागणं बऱ्यापैकी स्थिरावतं. याला मुलिन्स परिणाम म्हणतात. आमच्याकडं पहिल्या फेऱ्यांची वाचनं घेतच नाहीत. तुमच्या ५,१०० मध्ये पहिला फेरा असेल तर तुलना तिथंच हुकली.

बाकी एलिमेंट-बिलिमेंट आपल्याला कळत नाही. कृष्णाकाठ मॅडम येतील बघा.

---

कृष्णाकाठ

मिरजेच्या काकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी आधी तपासून घ्या. मी तुमचे ५,१०० हे स्थिरावलेल्या फेऱ्यातलं वाचन आहे असं धरून पुढचं लिहिते.

मी विश्रामबागेत राहते. बुश, माउंट, डायफ्राम असल्या रबरी भागांची गणितं करण्यातच माझी नोकरी गेली. तुमची तीन दुखणी तीन वेगळी दिसतात, पण मूळ एकच आहे: रबराचा आकार सहज बदलतो, आकारमान मात्र जवळजवळ बदलत नाही. ६० शोअरच्या रबराचा शिअर मॉड्युलस (जी, आकार बदलायला होणारा विरोध) साधारण १.२ एमपीए आणि बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) २,००० एमपीएच्या घरात. एकाच पदार्थाचे हे दोन आकडे हजारपटीहून जास्त लांब आहेत. पोलादात हे अंतर दुपटीच्या आसपास असतं. पोलादावर एफईए शिकलेला माणूस रबरावर आला की अडखळतो तो इथेच.

सॉफ्टवेअर जरा बाजूला ठेवा आणि कागद घ्या. हार्डनेसवरून ई काढायचं जेंटचं सूत्र १९५८ चं आहे. ६० शोअरला ते ३.६ एमपीए देतं, म्हणजे तुमचा आकडा बरोबर. न दाबणारं रबर म्हणून जी = ई भागिले ३ = १.२, आणि सी१० अधिक सी०१ याच्या निम्मे, ०.६. तेही तुमचं जुळतंय. आता पॅडचा शेप फॅक्टर काढा. दाब येणारं क्षेत्रफळ भागिले फुगायला मोकळं असलेलं क्षेत्रफळ. गोल पॅडला तो व्यास भागिले चार पट जाडी, म्हणजे ६० भागिले ४०, १.५. चिकटवलेल्या गोल पॅडचा परिणामी कॉम्प्रेशन मॉड्युलस ई × (१ + २ × शेप फॅक्टरचा वर्ग) असा धरतात. ३.६ × ५.५ = १९.८ एमपीए. क्षेत्रफळ २,८२७ चौ. मिमी, जाडी १०, म्हणून स्टिफनेस ५,६०० न्यूटन प्रति मिमी. कार्बन ब्लॅक भरलेल्या रबरात त्या २ चा गुणक थोडा कमी धरतात, म्हणजे आकडा अजून खाली येईल. तुमची टेस्ट ५,१०० म्हणते. कागदावरच्या चार ओळी टेस्टच्या इतक्या जवळ येतात. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हे गणित प्रत्येकाने करावं, असा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

चकत्यांना चिकटवलेलं नसतं आणि तेल लावून दाबलं असतं, तर हाच स्टिफनेस जेमतेम १,००० आला असता. रबर तेच, जाडी तीच. भाकरीचा गोळा दोन तळव्यांत दाबला की पीठ कडेने बाहेर येतं. इथे वरची-खालची बाजू लोखंडाला धरून ठेवलेली, म्हणून रबराला फक्त कडेच्या १० मिमीच्या पट्टीतूनच बाहेर यायचंय. या अडवणुकीतून हा पाचपटीहून जास्त ताठपणा येतो.

आता तुमचे ३,१०० कुठून आले ते बघू. कॅल्क्युलिक्समध्ये डी१ शून्य ठेवलं की 'अजिबात न दाबणारं' असा अर्थ तो घेत नाही. तो स्वतःच्या मनाने पॉयसन रेशो ०.४७५ येईल असं डी१ धरतो, म्हणजे बल्क मॉड्युलस शिअरच्या २० पट. तुमच्या रबराला तो २४ एमपीए झाला. खऱ्या २,००० च्या जागी २४! ओढलेल्या पट्टीत किंवा मोकळ्या ओ-रिंगमध्ये हा फरक फारसा जाणवणार नाही, पण तुमच्या पॅडमध्ये सगळा खेळ अडवणुकीचाच आहे. कागदावर पडताळा घ्या: १ भागिले १९.८ अधिक १ भागिले २४, त्याचा व्यस्त १०.८५ एमपीए. स्टिफनेस ३,०७० च्या जवळ. तुमच्या सॉफ्टवेअरने जवळजवळ हेच सांगितलं. म्हणजे सॉल्व्हर बिघडलेला नाही. त्याला दुसराच पदार्थ दिला गेला आणि त्या पदार्थाचं उत्तर त्याने चोख दिलं.

खात्री करून घ्यायची असेल तर इनपुट फाइलमध्ये ईएल प्रिंट लावून ईव्हीओएल (एलिमेंटचं आकारमान) मागवा, सगळ्या एलिमेंटची बेरीज करायला सांगा. दाबण्याआधी रबराचं आकारमान २८,२७४ घन मिमी असायला हवं. २ मिमी दाबल्यावर किती उरतं ते इथे लिहा.

डी१ = ०.००१ हे बरोबर आहे. डी१ म्हणजे २ भागिले बल्क मॉड्युलस, म्हणून २,००० एमपीए. तरी उत्तर ९,००० च्या वर गेलं, कारण एलिमेंट चुकीचा आहे. सी३डी८ ला आठ कोपऱ्यांचे नोड, आणि आत आठ ठिकाणी तो हिशेब करतो. आकारमान बदलू नये ही अट त्या आठही ठिकाणी लागू होते. इतक्या अटी पाळता पाळता बिचाऱ्या एलिमेंटकडे फुगायला वावच उरत नाही. तो आकडून बसतो आणि सगळं पॅड आहे त्यापेक्षा ताठ दिसतं. याला व्हॉल्युमेट्रिक लॉकिंग म्हणतात. मेश बारीक केली तर ते थोडं सैल होतं, पण हा उपाय नव्हे. सी३डी२०आर घ्या. त्यातही हिशेबाच्या जागा आठच, पण नोड वीस, त्यामुळे अटी पाळूनही वाकायला जागा राहते. तुमचं पॅड गोल आणि दाब सरळ, मग पूर्ण त्रिमिती मॉडेल कशाला? सीएएक्स८आर घेऊन अक्षाभोवतीचा एक काप पुरेल. गणित लगेच सुटेल आणि दहा प्रकार करून बघता येतील.

महागड्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी हायब्रिड एलिमेंट असतात. त्यात दाब हा विस्थापनाखेरीज वेगळा अज्ञात म्हणून सोडवतात. कल्पना हर्मनची, १९६५ ची. कुठल्या कारखान्यात तुम्हाला ते सॉफ्टवेअर मिळालंच, तर एलिमेंटच्या नावाच्या शेवटी एच आहे ना एवढं बघायचं.

जाता जाता काकांसाठी: मिक्सिंगमध्ये ज्या मूनी व्हिस्कोसिटीवरून तुम्ही बॅच पास करता, तोच हा मूनी. मेल्विन मूनी रबर कंपनीत काम करणारा माणूस. मोठ्या विकृतीचं सूत्र त्याने १९४० मध्ये मांडलं आणि रिव्हलिनने १९४८ मध्ये त्याला पक्का गणिती पाया दिला. रबराच्या गणिताचा एवढा मोठा भाग विद्यापीठातून नव्हे तर रबर उद्योगाच्या प्रयोगशाळांतून आला, याचा मला फार आनंद वाटतो.

---

कुपवाडचा_मोल्डर

मॅडम, खूप आभार. काका, ५,१०० हे चौथ्या फेऱ्यातलं वाचन आहे. लॅबमधल्या सरांनी आधीचे फेरे सोडूनच ग्राफ दिला होता.

मॅडमनी सांगितलेलं आकारमान मोजलं. डी१ शून्य असताना २ मिमी दाबल्यावर उरलं २६,२०० घन मिमी. म्हणजे सात टक्क्यांहून जास्त रबर गायब! मग सीएएक्स८आर आणि डी१ = ०.००१ घेतलं. आता आकारमानात फक्त ०.२ टक्के घट दिसते, आणि पहिल्या १ मिमीचा स्टिफनेस ५,४५० येतो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, कडेचे एलिमेंट अजूनही २ मिमीच्या थोडं पुढं गेल्यावर उलटे होतात. दोन, ५,४५० आणि ५,१०० यातला फरक घालवायला डी१ थोडं वाढवलं तर चालेल का? ०.००५ ला आकडा बराच जवळ येतो.

---

पाटणकर_सातारा

कडेच्या एलिमेंटबद्दल मी सांगतो. मी धरणाच्या दरवाजांना लागणारी रबर सील बसवण्याच्या आणि तपासण्याच्या कामात आहे, हे दुखणं रोजचं.

चिकटवलेल्या रबराची मोकळी कड लोखंडाला काटकोनात भिडते, त्या टोकाला सिद्धांतानुसार स्ट्रेसला मर्यादाच नाही. तिथं मेश जितकी बारीक कराल तितका आकडा चढत जाणार आणि टोकाचा एलिमेंट लवकर मोडणार. तुमच्या मोल्डमध्ये त्या जागी नक्कीच थोडी गोलाई असेल, मशीनिंगवाला अगदी धारदार कोपरा ठेवत नाही. मोल्डचं ड्रॉइंग काढा, असेल ती एक-दीड मिमीची गोलाई मॉडेलमध्ये घाला. मेशही अशी मांडा की न दाबलेल्या अवस्थेत कडेचे एलिमेंट उभे आणि लांबट असतील, म्हणजे दाबल्यावर ते चौकोनी होतील. सुरुवातीलाच चपटे ठेवलेत तर दाबल्यावर पापड होणार.

दुसरं, चकती ७० ची आणि रबर ६० चं, म्हणजे चकती सगळीकडून ५ मिमी बाहेर आहे. २ मिमी दाबलं की रबर सरासरी साडेतीन मिमी बाहेर येणार, मध्यावर त्याहून जास्त. फुगलेल्या भागाचा वरचा-खालचा काठ चकतीवर टेकायला लागतो. मॉडेलमध्ये तिथं कॉन्टॅक्ट दिलाय का? दिला नसेल तर रबर चकतीच्या आत घुसतं आणि पुढचा ग्राफ खोटा ठरतो. खऱ्या पॅडला टेकायला नवीन जागा मिळते म्हणून ते पुढं जास्त ताठ होत जातं.

आणि बल लावून नका दाबू, वरच्या चकतीला विस्थापन द्या. छोट्या पायऱ्यांत. न्यूटन-रॅफसन (सॉल्व्हरची उत्तर शोधायची पद्धत) प्रत्येक पायरीला आधीच्या उत्तराजवळून सुरुवात करतो. मोठी उडी घेतली की सुरुवातीचा अंदाजच एलिमेंट उलटा करणारा निघतो.

डी१ चं मॅडमच सांगतील, पण मला काय वाटतं ते लिहितो. अबॅकस या एफईए सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांत आपलं कोयना धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला तडे गेले, त्याचं विश्लेषण. जगभरची पोरं ते उदाहरण सोडवतात, कारण त्या दिवशीच्या हादऱ्याची नोंद धरणावरच्या यंत्रावर झाली होती आणि तडे कुठं गेले हेही माहीत होतं. मोजलेलं आणि काढलेलं दोन्ही वेगवेगळं हातात आहे म्हणून त्या उदाहरणाला किंमत. मोजलेल्या आकड्यावरूनच तुम्ही डी१ ठरवलं, तर पडताळा कशाचा घेणार?

---

कृष्णाकाठ

पाटणकरांचं शेवटचं वाक्य मी माझ्याकडून पुन्हा लिहिते. डी१ ला हात लावू नका. ०.००५ म्हणजे बल्क मॉड्युलस ४०० एमपीए. तुमच्या कंपाउंडचा तो नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आज या पॅडवर आकडा जुळेल. उद्या २५ मिमी जाडीचं पॅड कराल तेव्हा आकारमानाची अडवणूक कमी असल्यामुळे हीच तडजोड काहीच काम करणार नाही, आणि ५ मिमीच्या पॅडला ती तुम्हाला खड्ड्यात घालेल. गिऱ्हाइकाला मोल्ड काढण्याआधीचा ग्राफ हवाय. म्हणजे न बनवलेल्या पॅडचं उत्तर हवंय. जुळवून घेतलेला आकडा न बनवलेल्या पॅडबद्दल काहीच सांगत नाही.

आणि ५,४५० विरुद्ध ५,१०० हा फरक आहेच किती? सात टक्के. तुमच्या ड्रॉइंगवर हार्डनेस काय लिहिलाय? बहुतेक ६० अधिक-उणे ५ असेल. ५५ शोअरला जेंटच्या सूत्राने ई येतो २.९७, ६५ ला ४.४३. पास झालेल्या दोन बॅचमध्येच स्टिफनेसचा असा दीडपट फरक पडू शकतो. गिऱ्हाइकाला एक रेघ देऊ नका, ५५, ६० आणि ६५ अशा तीन रेघा द्या आणि मधला पट्टा रंगवा. प्रामाणिक ग्राफ तसाच असतो, आणि चांगल्या गिऱ्हाइकाला तो समजतो.

फरक खरोखर कमी करायचा असेल तर तो हार्डनेसवरून काढलेल्या सी१०-सी०१ मध्ये आहे. हार्डनेस म्हणजे सुईने केलेली एक टोचणी. तिच्यावरून सुरुवातीचा ई कळतो. पुढे वक्र कसा वळतो आणि दोन सहगुणकांची वाटणी कशी, हे तिच्यात नाही. ०.४८ आणि ०.१२ ही एकास चार वाटणी पुस्तकी सवय आहे, तुमच्या कंपाउंडचा गुण नव्हे.

तुमच्याकडे कॉम्प्रेशन सेटच्या टेस्टची बटणं (रबराचे गोल नमुने) असतीलच, २९ मिमी व्यासाची, १२.५ मिमी जाडीची. त्याच बॅचची, त्याच क्युअरिंगची घ्या. यूटीएमच्या दोन्ही प्लेट पॉलिश केलेल्या हव्यात. त्यावर सिलिकॉन तेल लावा आणि बटण दाबा. दाबताना बटणाची कड सरळ उभी राहिली पाहिजे, पिंपासारखी फुगली तर घर्षण उरलंय असं समजा आणि ते वाचन टाकून द्या. आधी काही फेरे देऊन रबर स्थिरावू द्या, जास्तीत जास्त दाब पॅडला प्रत्यक्षात येतो तेवढाच ठेवा. जोडीला डंबेलची ओढणी घ्या, पण तुटेपर्यंत नव्हे. तुमच्या पॅडच्या कडेला जेवढं ताणलं जातं त्याच्या थोडं पुढपर्यंत पुरे.

मग स्प्रेडशीट. लॅम्डा म्हणजे आताची उंची भागिले मूळ उंची. मूळ क्षेत्रफळावरचा स्ट्रेस घ्या, त्याला २ × (लॅम्डा वजा १ भागिले लॅम्डाचा वर्ग) ने भागा आणि तो आकडा १ भागिले लॅम्डासमोर मांडा. मूनीचं सूत्र लागू असेल तर सरळ रेघ येते. रेघ जिथे उभ्या अक्षाला शून्यावर कापते ते सी१०, तिचा चढ म्हणजे सी०१. ओढण्याचे बिंदू आणि दाबण्याचे बिंदू वेगवेगळ्या रंगात मांडा. ओढण्याची रेघ चढलेली आणि दाबण्याची जवळजवळ आडवी असं दिसण्याची शक्यता बरीच आहे. नुसत्या डंबेलवरून काढलेलं सी०१ दाबाच्या बाजूला जास्त ताठ उत्तर देतं, ते यामुळेच. तुमचं पॅड तर दाबातच काम करतं. तसं दिसलं तर मूनी सोडून योह मॉडेल घ्या, कॅल्क्युलिक्समध्ये ते आहे. त्यात सी०१ नाहीच, आणि कार्बन ब्लॅकवाल्या रबराला ते बहुधा चांगलं बसतं.

पाटणकरांनी सांगितलेली गोलाई आणि कॉन्टॅक्ट मात्र आधी घाला. त्याशिवाय २ मिमीच्या पुढची तुलना करू नका.

---

मिक्सिंगमिल_मिरज

मॅडम, एक भर घालतो. बटण १२.५ मिमी जाड आणि पॅडमधलं रबर १०, तेव्हा प्रेसमध्ये दोन्हींना सारखाच वेळ दिला तर क्युअर सारखं होत नाही. पॅडला लोखंडी चकत्या आहेत, त्यांना तापायला वेळ लागतो ते वेगळंच. रिओमीटरचा टी९० (९० टक्के क्युअर व्हायला लागणारा वेळ) बघून बटणाचा वेळ ठरवा. दोन्ही भाग गार झाल्यावर शोअर मोजा. आकडे दोन पॉइंटच्या आत असतील तरच बटणाची वाचनं पॅडला लावा. आणि मोल्डमधून काढल्या काढल्या टेस्ट करू नका, एक दिवस तरी ठेवा.

---

कुपवाडचा_मोल्डर

मोल्डचं ड्रॉइंग काढलं, कोपऱ्याला १.५ मिमीची गोलाई आहे. ती घातली, चकतीशी कॉन्टॅक्ट दिला आणि विस्थापन छोट्या पायऱ्यांत दिलं. सॉल्व्हर आता ३ मिमीपर्यंत न थांबता जातो. अडीच मिमीच्या पुढं फुगलेला काठ चकतीवर टेकताना स्पष्ट दिसतो, आणि यूटीएमच्या ग्राफलाही साधारण तिथूनच वरचं वळण आहे.

हार्डनेस ड्रॉइंगवर ६० अधिक-उणे ५ च आहे. तीन रेघांचा ग्राफ करतोय. बटणं याच बॅचमधून काढायला सांगितलीत. काकांनी सांगितल्याप्रमाणे शोअर जुळला की यूटीएमवर लावतो आणि स्प्रेडशीटचे बिंदू इथेच टाकतो.

---

कृष्णाकाठ

टाका. सोबत डंबेलचं मूळ क्षेत्रफळ आणि यूटीएमचा वेग लिहा. एक्स्टेन्सोमीटर लावला होता की जबड्यांचं अंतर घेतलं तेही. जबड्यांवरून घेतलं असेल तर डंबेलच्या रुंद टोकांचं लांबणं त्यात मिसळतं आणि लॅम्डा खोटा येतो. त्यापेक्षा अरुंद भागावर पेनाने दोन खुणा करून मोबाइलवर शूट करा, त्यावरून मोजता येईल.